साडेपाच वर्षांच्या आत

भाईदास एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला, तेव्हा हातात चौतीस हजार रुपये आले आणि घरात दोन देव झाले. एक देव्हाऱ्यातला, दुसरा पासबुकातला. मंजुळाबाई दोघांचंही सारख्याच निष्ठेने करी. सकाळी दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, संध्याकाळी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय अंथरूण नाही, आणि चातुर्मासाचे चार महिने मौन धरून जेवण. पान समोर आलं की ओठ मिटले, ते हात धुतल्यावरच उघडायचे. वीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. गल्लीतल्या बाया म्हणत, बाई असावी तर मंजुळाबाईसारखी. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही.

भाईदासचं म्हणणं, पैसे पोस्टात टाकावेत. नुकतीच किसान विकास पत्रं निघाली होती. साडेपाच वर्षांत दामदुप्पट, ना चिंता ना वणवण.

"आणि साडेपाच वर्षं खायचं काय? पत्रं?" मंजुळाबाई हळूच म्हणाली. "भिंत पाहिजे माणसाला. महिन्याच्या महिन्याला भाडं आलं पाहिजे. तुमच्या पेन्शनीत दूध भागतं, दळण भागत नाही."

म्हणून उखर्डू दलाल घरी आला. त्याने धुळ्याच्या सहाव्या गल्लीतलं एक घर सांगितलं. एकामागे एक दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी, वर मातीचं धाबं. मालक तोताराम शिरपूरला राहायला गेलेला. तिकडे नवं घर बांधायला काढलं म्हणून हे विकतोय. किंमत बावीस हजार.

"बावीस?" भाईदास दचकला. "त्या गल्लीत मोकळी जागा साठाच्या खाली मिळत नाही. भुतंबितं आहेत का?"

"भूत नाही भाऊ, भाडेकरीण आहे," उखर्डू हसला. "म्हातारी. तीस वर्षांची जुनी. भाडं अठरा रुपये. कायद्याने तिला ना काढता येत, ना भाडं वाढवता येत."

मंजुळाबाईने मनातल्या मनात मांडणी केली. अठराच्या हिशोबाने वर्षाचे दोनशे सोळा. त्यातून घरपट्टी नव्वद, आणि पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची ती साठ. उरले सहासष्ट. बावीस हजारांवर वर्षाला सहासष्ट रुपये! भिकाऱ्याचं उत्पन्न याहून जास्त.

उखर्डूने तिचा चेहरा वाचला. "वहिनी, भाडं नका पाहू. भाडेकरणीच्या बरगड्या पाहा. ती एकटी आहे, मागे कुणी नाही. तिचं झालं की दोन्ही खोल्या मोकळ्या. मग विका साठाला, नाहीतर अडीचशेनं भाड्याने द्या."

तो गेल्यावर भाईदास बराच वेळ पान चघळत बसला. मग म्हणाला, "म्हणजे म्हातारीच्या मरणावर पैसे लावायचे."

"मरण काय आपल्या हातात आहे? ते देवाच्या हातात. आपण फक्त घर घेतोय."

"आणि देवाने तिला नव्वद वर्षं दिली तर?"

तो प्रश्न मात्र खरा होता. पोस्टातले बावीस साडेपाच वर्षांत चव्वेचाळीस होणार होते. म्हातारी त्याच्या आत गेली तर घर शहाणपणाचं. पुढे रेंगाळली तर पोस्ट शहाणपणाचं. सगळा व्यवहार त्या एका गोष्टीवर येऊन थांबत होता, आणि त्यासाठी म्हातारी पाहणं भाग होतं.

एकवीरा देवीला जायच्या वाटेवर थोडं वळण घेतलं की सहावी गल्ली लागे. आषाढातल्या पहिल्या मंगळवारी मंजुळाबाई त्या पडवीत जाऊन उभी राहिली. आत भागाबाई गोधडी शिवत बसली होती. वाळलेल्या भेंडीसारखी बाई, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

"पाणी मिळेल का अक्का? देवीला निघालेय, घसा कोरडा पडला."

"ये ओ माय, बस ना." भागाबाईने पोतं झटकून टाकलं. तिला कुणीतरी आल्याचाच आनंद. विचारपूस झाली, गाव निघालं, कूळ निघालं. भागाबाईचं सासर शिंदखेड्याकडचं, भाईदासचं मूळ गावही तिकडलंच. कूळ एक निघालं, कुळाची देवी कानबाईही एक निघाली. "मंग तू तं भाऊबंदच ना ओ!" म्हणून म्हातारीने तिच्या गालावरून बोटं मोडली.

"मागे कुणी नाही का अक्का?"

"मन्हं कोन शे आठे? मी नि मन्ही सावली."

उखर्डू खरं बोलला होता. मंजुळाबाई दर मंगळवारी जाऊ लागली. कधी मेथीची जुडी, कधी देवीचा अंगारा घेऊन जाई आणि गोड बोलता बोलता पाहत राही. पायरी चढताना म्हातारी भिंतीचा आधार घेते. वरचे दात चारच; भाकरी कढीत कुस्करून खाते. खोकल्याने रात्र बसून काढावी लागते. दमा असावा. मंजुळाबाई घरी येऊन सांगे, "दोन पावसाळे. फार तर तीन." आणि एकदा तिने भागाबाईला नळावरून भरलेला हंडा डोक्यावर घेऊन येताना पाहिलं, ताठ, मानही न हलवता, त्या रात्री मंजुळाबाईला जेवण गेलं नाही.

"काय झालं?" भाईदासने विचारलं.

"काही नाही. हंडा उचलते अजून."

भाईदास कपाळाला हात लावून हसला, पण हसू पुरतं बाहेर आलं नाही.

आषाढ संपता संपता तिने तोतारामला एक हजार एक रुपये इसार दिला. खरेदी दसऱ्याच्या आत. मागे फिरलं तर इसार बुडाला. कागद करणाऱ्या वकिलाने एवढंच बजावलं, "बाई, एक पाहून घ्या. म्हातारीजवळ घरातलं माणूस राहत असेल, तर ती गेल्यावर भाडेकरू तो. मग त्याचं आयुष्य मोजत बसा."

"कुणी नाही साहेब. मी स्वतः पाहिलंय."

श्रावणात नागपंचमी झाली आणि कानबाईचा रविवार जवळ आला. आपल्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजून घेतात. घरात जेवढे पुरुष, लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. जो जिवंत त्याचीच मूठ. आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडा द्यायचा नाही. शनिवारी मंजुळाबाई गेली तेव्हा भागाबाई सुपात गहू घेऊन बसली होती. कुणाही पुरुषाचं नाव नसलेल्या घरात ही काय मोजणार, या कुतूहलाने मंजुळाबाई टेकली.

भागाबाईने डोळे मिटले, हात जोडले आणि एक मूठ सुपातून परातीत टाकली. वर चिमूटभर, सव्वा पुरी करायला. ओठ हलले. "धना."

मंजुळाबाई पुढे सरकली.

"धना कोण अक्का?"

"मन्हा पोऱ्या." म्हातारीने मान वर केली नाही. "अकरा वरीस व्हयनात. बापशी भांडीसन गया. सुरतले गया असं लोक सांगतस. बाप गया तरी तो उना नही. त्याले कोन सांगी बाप मेला म्हनून?"

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, कुणी नाही."

"आठे कोनी नही." तिने जमिनीवर बोट टेकवलं. मग परातीतल्या गव्हांवरून हात फिरवला. "पन तो शे. कोठे शे ते माले माहीत नही, पन शे. मूठ नही टाकी तं मीच त्याले मारी टाकं असं व्हई. म्हनून तं ही खोली सोडी नही. बहीननी पोर यावलले बलावस, ये मावशी, केळीना बागमा रहाय. पन मी गऊ नि तो उना तं? त्याले हाऊच पत्ता माहीत शे."

मग एकदम तिने मंजुळाबाईचा हात धरला. हात चरबरीत, गव्हाच्या धुळीचा. "तुन्हा भाऊ सुरतले शे ना ओ? त्याले एक कागद लिही ना. बठ्ठं आयुष्य तुन्हं नाव घिसू."

मंजुळाबाईने कागद लिहिला. म्हातारीवरच्या दयेने नव्हे. तिला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. पोरगा मेलेला असला तर व्यवहार सोन्याचा. जिवंत असून परतला, बायकापोरांसकट दोन खोल्यांत पथारी पसरली, तर बावीस हजार तापीत सोडल्यासारखे. सोमवारी तिने भागाबाईकडे बसून रोट खाल्ले. नवरा गेल्यापासून एकटीने तीन तीन दिवस तेच शिळे रोट संपवणारी म्हातारी त्या दिवशी वाढताना रडत होती. मंजुळाबाईला मौन होतं. तिने बोटाने दाखवलं, दही हवं.

भादव्यात सुरतेहून भावाचं, भिकनचं कार्ड आलं. पोस्टमनने ते भाईदासच्या हातात दिलं, त्याने वाचलं आणि तसाच स्वयंपाकघरात आला. धना सापडला होता. उधन्याला यंत्रमागावर कामाला, बायको, दोन पोरं. बाप गेल्याचं ऐकून मागाजवळच बसून रडला. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणे. आता दिवाळीनंतर कायमचा धुळ्याला येतो, आईला एवढं कळवा.

"उद्याच जाऊन सांग तिला," भाईदास म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते. "इसार गेला तर गेला. हजार रुपये गेले म्हणजे काही आपण रस्त्यावर येत नाही."

"सांगते," मंजुळाबाई म्हणाली आणि कार्ड पोथीच्या कापडात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भाईदासने एकदा विचारलं, "सांगितलंस ना?" ती जपमाळ ओढत होती. तिने बोटाने खूण केली, मध्ये बोलू नका. भाईदासने पुन्हा विचारलं नाही. माणसाला न विचारण्याची सवय फार लवकर लागते.

पितृपाटात अष्टमीला भागाबाईच्या नवऱ्याची, पुनाची तिथ होती. तिने भाऊबंद म्हणून दोघांना बोलावलं. भाईदास पेन्शनच्या कागदासाठी जळगावला गेला होता, म्हणून पितर जेवायला गल्लीतला धनसिंग म्हातारा बसला. चुलीतून निखारे काढून भागाबाईने पुनाच्या नावाने आगारी टाकली, गेलेल्या माणसाचा घास. खीर, वडा, भाताचं शीत. निखाऱ्यांवर तूप चरचरलं, धूर सरळ धाब्याला गेला. धनसिंग जेवून, विडा घेऊन गेला. मग मंजुळाबाईचं पान मांडलं.

तिने पाण्याने मंडल घातलं आणि ओठ मिटले.

भागाबाई समोर पंखा घेऊन बसली. थोडा वेळ नुसती हवा घालत राहिली. मग म्हणाली, "कागद धाडीसन दीड महिना व्हयना ना ओ?"

मंजुळाबाईने खिरीत पुरी बुडवली.

"काही कळनं का?"

मंजुळाबाई जेवत राहिली.

"भावानं कार्ड उनं का?" पंखा थांबला. "उनं व्हई. तुन्हं तोंड पाहीसनच माले समजनं व्हतं, आल्या आल्या. सांग ना ओ बाई. गप्प काबर?"

मौनात मान हलवायला बंदी नसते. मीठ हवं तर बोट, नको तर तळवा, हो म्हणायचं तर पापणी. वीस वर्षं मंजुळाबाई असंच जेवत आली होती. एवढी मान हलवली असती, वरून खाली, एकदाच, तरी पुरलं असतं. तिने मान खाली घातली आणि तशीच ठेवली. पानावरची नजर उचलली नाही. घास मात्र थांबला नाही. पानात टाकायचं नाही, हाही तिचा नेम होता.

भागाबाईने पंखा जमिनीवर ठेवला.

"मंग..." ती म्हणाली. "मंग यंदा त्यानी आगारी टाकू का?"

मंजुळाबाईने पुढचा घास घेतला. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

म्हातारी उठली. भिंतीचा आधार घेत चुलीपाशी गेली. निखारे अजून लाल होते. तिने हातावर थोडी खीर घेतली, वर एक वडा ठेवला, आणि किती तरी वेळ तसाच हात धरून उभी राहिली. मग तो हात उपडा केला. धना हे नाव तिने मोठ्याने घेतलं. श्रावणात ओठातल्या ओठात घेतलेलं नाव त्या दिवशी शेजारच्या घरी ऐकू गेलं.

मंजुळाबाईने पान संपवलं, न्हाणीत जाऊन हात धुतले, चूळ भरली. मौन सुटलं. आता बोलायला हरकत नव्हती. ती पडवीत आली, चपला घातल्या.

"येते अक्का," ती म्हणाली.

भागाबाईने सुतक धरलं. तेवढे दिवस मंजुळाबाई भाऊबंद म्हणून रोज तिच्यासाठी भाकरी घेऊन जाई. गल्लीतल्या बायांच्या डोळ्यांना पाणी आलं. सख्खी लेक करणार नाही इतकं करते. दसऱ्याच्या दोन दिवस आधी खरेदी झाली. तोतारामने पैसे मोजून घेताना म्हटलं, "म्हातारी अजून दहा वर्षं काढते बघा वहिनी. मीही असंच म्हणत होतो, आज जाईल, उद्या जाईल."

त्याचं चुकलं. साडेपाच वर्षं कशाला, साडेपाच आठवडेही लागले नाहीत. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी भागाबाई स्वतःच मंजुळाबाईच्या दारात आली. हातात किल्ली होती.

"तू मालकीन व्हयनी, बरं व्हयनं. परक्याले देवापेक्षा भाऊबंदले. आते मी आठे कोनासाठे बसू? यावलले जास. बहीननी पोर वाट पाहस."

मंजुळाबाईने तिला पाटावर बसवलं, चहा दिला. खोली राजीखुशीने सोडल्याचा कागद वकिलाकडून आधीच करून आणलेला होता. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात शाईचा डबाही होता. भागाबाईने अंगठा दिला. मंजुळाबाईने तिच्या ओटीत नवं लुगडं आणि शंभराची नोट घातली. स्टँडवर जाऊन चोपड्यावरून जाणाऱ्या यावलच्या गाडीत खिडकीशी बसवलं, शिदोरी दिली. कंडक्टर भाईदासच्या ओळखीचा निघाला. "सांभाळून उतरवा हो," मंजुळाबाई त्याला म्हणाली. म्हातारी खिडकीतून तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, गाडी हलेपर्यंत.

दिवाळी गेली. तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंजुळाबाई नव्या खोल्यांना चुना लावून घेत होती. भाईदास पडवीत स्टुलावर बसला होता. एक माणूस ट्रंक घेऊन दारात थांबला. मागे बायको, तिच्या कडेवर एक, बोटाला एक.

"भागाबाई... इथंच राहतात ना?" माणूस आत डोकावला. रिकामी खोली, ओला चुना. "मी धना. त्यांचा मुलगा."

भाईदास उठला. स्टूल पडलं.

"खोली सोडली त्यांनी," मंजुळाबाई शांतपणे म्हणाली. "कोजागरीनंतर."

"सोडली? पण मी तर कळवलं होतं... भिकनभाऊंनी लिहिलं होतं ना? कुठं गेली?"

भाईदासने तोंड उघडलं. मंजुळाबाईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. त्या नजरेत बावीस हजार होते, दूध होतं, दळण होतं, आणि खरेदीनंतर उरलेली म्हातारपणाची सगळी वर्षं होती. भाईदासने पडलेलं स्टूल सरळ केलं.

"पाणी घेणार का?" तो म्हणाला. "लांबून आलात."

"सामान बांधलं आणि गेल्या," मंजुळाबाई म्हणाली. "म्हातारं माणूस, मनात येईल तिकडे जातं. येतील परत. त्यांना पत्ता हाच माहीत."

धना ट्रंकेवर बसला. पोरगं रडायला लागलं. मग त्याने विचारलं, "ही खोली... भाड्याने द्यायची आहे का मावशी? आई परतली तर इथंच येईल. मी नसलो तर पुन्हा चुकामूक व्हायची."

"द्यायची तर आहे. अडीचशे. हजार अनामत. अकरा महिन्यांचा करार, पुढे पुन्हा नवा." ती थांबली. "माणसं चार ना? तेवढीच लिहू. जास्त झाली की पाणी वाढतं, न्हाणी वाढते."

"आणि आई आली तर?"

"तर वीस रुपये वेगळे."

धनाच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा उजेड आला. वीस रुपयांची सोय ऐकून नव्हे. आई आली तर, हे कुणीतरी हिशोबात धरलं म्हणून. त्याने खिशातून पैसे काढले, अनामत मोजली, पहिल्या महिन्याचं भाडं मोजलं, आणि वर दोन दहाच्या नोटा ठेवल्या. "हेही आताच घ्या मावशी. कधीही आली तरी तिचं भाडं भरलेलं असू द्या."

मंजुळाबाईने नोटा कपाळाला लावून पदरात बांधल्या. भाईदास न्हाणीकडे तोंड करून उभा होता.

दर महिन्याच्या पाच तारखेला धना दोनशे सत्तर आणून देई. वीस रुपये तिने कधी मागितले नाहीत, कधी नकोही म्हटलं नाही. अकरा महिने झाल्यावर करार नवा केला, तेव्हा भाडं अडीचशेचं तीनशे झालं. आईचे वीस मात्र तिने वाढवले नाहीत. तेवढं पाप नको, असं ती भाईदासला म्हणाली.